शिवेच्या अलीकडची मुंबई

आमच्या कारखान्यात कुणाकडे गावाहून पाहुणे येणार असले की साहेबांना ते रजेच्या अर्जातून कळायचं. आप्पांना त्याच्या आठवडाभर आधी कळलेलं असायचं. आप्पा स्टोअर सांभाळायचे. लोखंडी जाळीची एक खिडकी, आत नट, बोल्ट, वॉशर, पितळी कास्टिंगच्या राशी, आणि त्या राशींच्या मधोमध स्टुलावर बसलेले आप्पा. कुणी मूठभर खिळे मागायला गेला तरी आधी चौकशी व्हायची.

"पाहुणे येतायत ना रे तुझ्याकडे? तुझे की बायकोचे?"

मग दुसरा प्रश्न. "पोट, गुडघे आणि दात. काय काय शाबूत आहे?"

हे तिन्ही कळल्याशिवाय आप्पा कुणाला मुंबई सांगत नसत. गुडघे उत्तम असतील तर बोरीवलीहून कान्हेरी, मध्यम असतील तर अंधेरीची गिल्बर्ट हिल. गुडघे गेलेले पण पोट खणखणीत असेल तर रविवारी सकाळी घाटकोपरला फाफडा-जिलबी, आणि तिथून रिक्षाने असल्फ्याच्या बाजूला, जिथे उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की लहान पोरं त्यांना हात दाखवतात. दात नसले तर मुलुंडची खांडवी आणि संध्याकाळी विहार तलावाचा वारा. "वारा चावायला लागत नाही," आप्पा म्हणायचे.

ह्या यादीत गेटवे नसायचा. राणीची बाग नाही, हँगिंग गार्डन नाही, चौपाटीसुद्धा नाही. आप्पांची मुंबई शिवेला संपायची. "शीव म्हणजे काय? सीमा. स्टेशनाच्या पाटीवर लिहून ठेवलंय सरकारने. तरी लोक ओलांडून जातात," असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या बोलण्यात शिवेच्या पलीकडचा सगळा भाग नुसता 'तिकडे' असायचा. कुणी गेटवेचं नाव काढलं तर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "गेटवे म्हणजे काय ते सांग. दार ना? कुणाच्या घरी गेलास तर दार बघून परत येतोस काय?"

तसे ते स्वतः तिकडचेच. जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत, मूळ गाव मालवणच्या बाजूला. मग शिवेपलीकडे पाय का ठेवत नाहीत, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, तिकडच्या चहात पाणी फार. एकदा म्हणाले, तिकडे माझा एक काका राहतो, तो भेटला की बोलत बसतो. एकदा, अगदी गंभीरपणे, "बघून झाली गो. एक गोष्ट किती वेळा बघायची?" ह्यातलं खरं कुठलं ते मला कधीच कळलं नाही. बहुधा तिन्ही थोडी थोडी खरी असावीत.

मी यवतमाळजवळच्या दारव्ह्याची. बी.कॉम. झाले, टायपिंग शिकले, आणि मुलुंडला मावशीकडे राहून व्हॉल्व्ह बनवणाऱ्या ह्या लहानशा कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. गिरण्यांचा संप चिघळलेला होता तेव्हाची गोष्ट. आप्पा पन्नाशी उलटलेले, बुटके, केस कुरळे, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. पहिल्याच दिवशी मी कार्बन पेपर मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं, आणि त्या दिवसापासून मी 'वऱ्हाडीण' झाले. कारखान्यातल्या काही जणांना माझं खरं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आप्पा नुसतं सांगून थांबत नसत. पाहुणा पसंत पडला तर रविवारी स्वतः घेऊन जायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रिकामा स्टीलचा डबा. जिथे काही चांगलं मिळेल तिथे थोडं डब्यात घ्यायचं आणि पुढच्या ठिकाणच्या माणसाला चाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता. घाटकोपरची जिलबी बोरीवलीच्या चहावाल्याने खाल्ली पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. नवीन हॉटेलात शिरले की बसायच्या आधी सरळ आत जाऊन मोरी बघून यायचे. मालक ओरडायचा. आप्पा शांतपणे म्हणायचे, "मोरी चांगली आहे तुमची. काय मिळेल खायला?" मोरी वाईट असली तर काही न बोलता बाहेर पडायचे, आणि मागोमाग पाहुण्यांची वरात.

त्यांचा धाकटा भाऊ संपात गिरणीतून सुटला आणि भांडुपला स्टेशनाबाहेर वड्याची गाडी लावून उभा राहिला. वडा झकास असायचा, आम्ही पोरी मुद्दाम वाट वाकडी करून खायला जायचो. आप्पाही रोज संध्याकाळी तिथे उभे राहून एक खायचे. पण पाहुण्यांना तिकडे कधी नेलं नाही. भाऊ रागवायचा. "सगळ्या जगाची गाडी दाखवतोस, माझी नाही दाखवत." आप्पांचं म्हणणं, भावाची गाडी दाखवली तर लोकांना वाटेल, हा सांगतो ते सगळं असंच घरच्या धंद्याचं असतं. मग कान्हेरीवरचाही विश्वास उडेल.

कान्हेरीवर विश्वास ठेवण्यासारखं ते फारसं काही सांगत नसत, हा भाग वेगळा. गुंफांमध्ये शिरले की त्यांची रसवंती सुटायची. हा दगडी ओटा झोपायचा, ह्या कोनाड्यात भिक्षूची ताकाची लोटी, इथे टेकून त्याने पायातला काटा काढला. पाहुणे माना डोलवायचे. एकदा आमच्या हिशेबनिसाचे सासरे आले, ते निघाले इतिहासाचे प्राध्यापक. तिसऱ्या गुंफेत ते म्हणाले, "माफ करा, पण आत्तापर्यंत तुम्ही सांगितलेलं सगळंच चूक आहे." हिशेबनीस लाजून लाल. आप्पांनी पिशवी खाली ठेवली, दगडावर मांडी घातली आणि म्हणाले, "मग तुम्ही सांगा." दुपार कलेपर्यंत प्राध्यापक बोलत होते आणि आप्पा ऐकत होते, मधे मधे शंका विचारत होते. पुढच्या खेपेपासून आप्पा प्राध्यापकांची कान्हेरी सांगू लागले. ताकाची लोटी मात्र तशीच ठेवली.

हरलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. एकदा कोइमतूरहून एक इंजिनिअर मशीन तपासायला आला. साहेबांचा बेत त्याला मोठ्या हॉटेलात न्यायचा होता, पण आप्पांनी त्याला परस्पर स्वतःच्या घरी नेलं. इडली-डोसा त्याच्या घरी रोज असणार, तेव्हा त्याला मालवणचं काहीतरी खिलवायचं म्हणून बायकोला घावणे आणि नारळाचा गोड रस करायला लावला. इंजिनिअर पोटभर जेवला आणि हात धुताना आनंदाने म्हणाला, अगदी आमच्या आईच्या हातचं, आमच्याकडे हेच करतात. पुढे दोन दिवस आप्पा जाळीआडून कुणाशी धड बोलले नाहीत.

पण आप्पा म्हटले की मला आधी आठवतो तो माझ्या बाबांचा रविवार.

मला नोकरी लागून दोन वर्षं झाली तेव्हा बाबा मुंबईला आले. दारव्ह्याला त्यांचं भांड्यांचं दुकान. जन्मात पहिल्यांदा एवढ्या लांब आलेले. वर्ध्याचं एक स्थळ सांगून आलं होतं; माणसं चांगली होती, पण त्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती. आल्याआल्याच बाबांनी सांगून टाकलं, "सोमवारी आपण दोघंही निघू." मावशीने माझ्याकडे पाहिलं. बाबांपुढे मी कधी बोलतच नसे. मनात एवढंच ठरवलं, की मधल्या रविवारी त्यांना मुंबई अशी दाखवायची की ही पोर इथे का रमली ते त्यांना आपोआप कळावं. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, चौपाटी असा बेत आखला. बाबांना समुद्र बघायचा होता. त्यांनी तो कधी बघितला नव्हता.

जेवणाची तर वेगळीच कथा. मुंबईचं पाणी बाधतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून येताना कडक भाकऱ्या, ठेचा आणि चिवडा बांधून आणला होता, आणि मावशीच्या घरीसुद्धा ते तेवढंच खात होते. मावशी रोज ताट वाढायची आणि रोज उचलून ठेवायची.

शुक्रवारी मी कुठे बसते ते बघायला बाबा कारखान्यात आले. मी त्यांना सगळीकडे फिरवलं आणि आप्पांची खिडकी मुद्दाम टाळली. पण बाबाच तिथे थबकले. जाळीपलीकडे पितळी कास्टिंगची रास दिसत होती. बाबांनी खिडकीत ठेवलेला एक नग उचलला आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर करायचे तसं.

"पितळ चांगलं आहे," बाबा म्हणाले.

आप्पा स्टुलावरून उठले. "आवाजावरून कळतं?"

"आवाजावरूनच कळते. डोळ्याले तं सगळंच पिवळं."

झालं. पाच मिनिटांत पोट, गुडघे, दात सगळं विचारून झालं. "तुमचे बाबा रविवारी माझ्याबरोबर येतील," आप्पांनी मला जाहीर करून टाकलं.

"आप्पा, त्यांना समुद्र बघायचाय. आम्ही चौपाटीला जाणार आहोत."

"समुद्रच दाखवतो. चौपाटीवर काय, समुद्र कमी आणि भेळ जास्त. तू पण ये."

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसरं कास्टिंग वाजवत होते. "येतो ना," म्हणाले. माझा सगळा बेत तिथेच पाण्यात गेला.

रविवारी आप्पांनी आम्हाला कुर्ल्याला उतरवलं आणि माहुलच्या बसमध्ये बसवलं. बाबा खिडकीपाशी. तेलाच्या कारखान्यांच्या टाक्या लागल्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या. एका उंच धुराड्याच्या टोकाला भरदिवसा जाळ दिसत होता.

"हे काय जळून राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"ती माहुलची दिवाबत्ती," आप्पा म्हणाले. "चोवीस तास."

हवेत रॉकेलचा वास. पुढे त्यात सुक्या मासळीचा वास मिसळला. मी पदर नाकाला लावला आणि मनात म्हटलं, संपलं. हे बघून बाबा मला सोमवारपर्यंतसुद्धा ठेवणार नाहीत.

बस थांबली. कोळीवाड्यातून, वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढत आप्पा आम्हाला धक्क्यावर घेऊन गेले आणि हात पुढे करून म्हणाले, "हा बघा."

समोर चिखल होता. नजर पोचेल तिथपर्यंत करडा, चकचकीत चिखल. होड्या त्यात कुशीवर कलंडलेल्या. चिखलात छोटे छोटे मासे टुणटुण उड्या मारत होते, आणि पाणी म्हणावं असं दूरवर एक रेघ.

बाबांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. मग म्हणाले, "हे तं वावर आहे. पेरणीच्या आधीचं."

मी आप्पांकडे पाहिलं. ओहोटी होती. निघण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात भरतीची वेळ बघितली होती, पण चुकून आदल्या रविवारची. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ते नुसते खांद्यावरची पिशवी सारखी करत उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग त्यांचा होता आणि स्वतःचाही. बाबांच्या आयुष्यातला मुंबईतला एकच रविवार, आणि मी तो ह्या माणसाच्या हाती दिला होता.

तेवढ्यात मागून हाक आली. "आप्पा, तू कवा आलास?"

मुलुंडच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची ती बाई. आप्पा तिला 'बाय' म्हणायचे. ठसठशीत, नाकात नथ, लुगडं कोळणीच्या पद्धतीने घट्ट कसलेलं. आमचे चेहरे बघून तिला हसू फुटलं.

"पानी गेलाय. येल परत, जातंय कुठं? चला घरा, तवर जेवून घ्या."

बाबांनी मान हलवली. "आमचं जेवण आमच्यापाशी आहे." आणि पिशवी दाखवली.

"मंग तां पन आना," बाय म्हणाली.

तिच्या ओटीवर आम्ही बसलो. आत चुलीवर कोळंबीचं कालवण रटरटत होतं आणि बायची सून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाबांनी आपली शिदोरी सोडली. बाय जवळ येऊन ज्वारीची भाकरी निरखू लागली. तिने असली कडक भाकरी कधी बघितली नव्हती.

"ही कसली भाकर? मी खाऊन बगू?"

बाबा गोंधळले. मग त्यांनी अर्धी भाकरी मोडून वर ठेचा ठेवला आणि ती बायच्या हातावर दिली. बायने घास घेतला. तिखटाने तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ती खातच राहिली आणि सुनेलाही बोलावून एक तुकडा दिला. "लय चांगली हाय. पन दात पायजेत."

आपली भाकरी कुणी अशी खाल्ल्यावर त्याचं ताट नाकारायचं कसं, हे बाबांना सुचलं नाही. समोर तांदळाची पांढरी मऊ भाकरी आणि वाटीत लाल कालवण आलं. बाबांनी एक तुकडा भीत भीत बुडवला. दुसरा तसा नाही बुडवला. तिसऱ्या भाकरीला त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. मी आणि आप्पा एकमेकांकडे न बघता जेवत होतो.

जेवण झाल्यावर बाबांची नजर कोपऱ्यातल्या पितळी हंड्यावर गेली. उठून त्यांनी तो वाजवला, कान लावून ऐकला. "हा जुना माल आहे. आता असा येत नाही." बाय खूश झाली. हंडा सासूचा, तिने तो माहेराहून आणलेला. मग कल्हई, चिंच, राख अशी दोघांची बोलणी चालली. बाबांनी विचारलं, "तुमचे मालक कुठी हायेत?"

"धाकला पोर न् ते दर्यावर गेलेत."

"अन् मासोळी विकते कोन?"

बायला तो प्रश्नच कळला नाही. "मीच ना. दर्या त्यांचा, बाजार माजा. उद्या मी ऱ्हायली नाय तं सून हाय." सून आतून म्हणाली, "मी आताच जातंय की चेंबूरला." आणि दोघी हसल्या.

बाबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा हंडा वाजवला.

मग बाहेरून पोरं ओरडली, पाणी आलं.

आम्ही धक्क्यावर गेलो. लांबची ती रेघ आता जवळ आली होती. लाटा नव्हत्या, गाज नव्हती. चिखलातल्या चरांमधून पाणी गुपचूप आत शिरत होतं, एक चर भरला की दुसऱ्यात. कलंडलेली एक होडी हळूच हलली, अंग सावरल्यासारखी सरळ झाली. मग तिच्या शेजारची. बघता बघता सगळ्या होड्या उभ्या राहिल्या आणि डोलू लागल्या. बाबा धक्क्याच्या पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. पाणी चढत चढत त्यांच्या चपलांपर्यंत आलं. ते मागे सरले नाहीत. वाकून त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खरंच खारट आहे वं," मला म्हणाले. असे हसत होते की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "आपण याच्याकडे गेलोच नाही. हाच आला."

आप्पांना आता वाचा फुटली. "म्हणून तर इथे आणलं तुम्हाला," ते म्हणाले. बाबांनी ते मान्य केलं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. स्थळाविषयी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर मावशीने वाढलेलं ताट मात्र स्वच्छ केलं.

सोमवारी सकाळी मी ट्रंक ओढली आणि साड्या भरायला लागले. बाबा आपली वळकटी बांधत होते. त्यांनी मान वर केली.

"तू कायले बांधून राह्यली? कामावर नाही जात का आज?"

माझा हात थांबला. "वर्ध्याचे लोक?"

"त्यायले सांगतो ना मी. पोरगी कामात आहे म्हणून. थांबले तं थांबले, नाही तं दुसरे पाहू." मग वळकटीची गाठ आवळत म्हणाले, "त्या आप्पाले सांगशील, कोळंबी चांगली होती."

मी कारखान्यात पोचले ती सरळ स्टोअरच्या खिडकीशी. स्थळाचं मी आप्पांना कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा सांगितलं, सगळं, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाठ फिरवून मागच्या फळीवरच्या डब्यांत बराच वेळ काहीतरी शोधलं. काय शोधत होते कोण जाणे, मी काहीच मागितलं नव्हतं.

"म्हणजे तू आता राहणार," जाळीशी परत येऊन ते म्हणाले.

"हो."

"मग सुटल्यावर थांब. तुला अजून काहीच दाखवलं नाही मी."

मला वाटलं, कान्हेरीचं बोलतायत. म्हटलं, आज सोमवार आहे, रविवारी जाऊ.

"ते पाहुण्यांना दाखवायचं. राहणाऱ्यांचं वेगळं असतं."

संध्याकाळी ते मला मुलुंडच्या बाजारात घेऊन गेले. दोन वर्षं मी त्या बाजारातून रोज येत-जात होते, पण मावशी सांगेल ते आणण्यापलीकडे मी तिथे कुणाची नव्हते. आप्पा पुढे, मी मागे. भाजीवाल्या मावशीपाशी थांबले, पिठाच्या गिरणीपाशी थांबले, नारळवाल्यापाशी, चपला शिवणाऱ्यापाशी, मासळीच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येक बाईपाशी थांबले. माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना एकच सांगत होते.

"ही इथली आहे. हिला कालचे बोंबील द्यायचे नाहीत."